सव्वादोनच्या बांगड्या

हिंगणघाटच्या आमच्या मिल लाइनीत पाच दुकानं होती आणि आमच्या घरात आज काय शिजणार हे त्या पाचही दुकानदारांना आमच्या आधी कळायचं. अण्णाजींच्या चक्कीवर ज्वारीचा डबा गेला की लाइनभर समजायचं, कुंताबाईकडचे गहू संपले. कुंताबाई म्हणजे माझी आई. रांग मोडून मधे घुसणाऱ्या बाईला अण्णाजी पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवून विचारायचे, "काऊन व, तुयाच घरी तोंडं हायेत का?" शेजारी मधुकररावांचं सायकलचं दुकान. पंक्चर काढता काढता ते मिलमधल्या सगळ्या साहेबांची अब्रू काढायचे. पुढं किराणा. त्याच्यापुढं एक शिंपी, तो दिवाळीचं पोलकं संक्रांतीला द्यायचा आणि वर म्हणायचा, आता थंडीत बरं. आणि लाइनीच्या अगदी टोकाला, सार्वजनिक नळासमोर, शकुकाकूचं बांगड्यांचं दुकान.

आता मी एक्कावन्न वर्षांची आहे, वर्ध्याला शाळेत शिकवते. चक्कीबद्दल, शिंप्याबद्दल मी वर्गात पोरांना रंगवून सांगते, पोरं हसतात. नळासमोरच्या दुकानाबद्दल कधी बोलत नाही. ते दुकान मी बंद पाडलं. बारा वर्षांची असताना, एक वाक्य बोलून.

दुकान म्हणजे तरी काय? पुढच्या खोलीची खिडकी मोठी करून तिला लावलेली एक फळी. फळीमागे भिंतीवर आडव्या काठ्या आणि काठ्यांवर रंगारंगाच्या काचेच्या बांगड्या. खाली पितळेच्या वाटीत साबणाचं पाणी. शकुकाकूला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लाइनीतल्या प्रत्येक बाईच्या हाताचं माप तिला तोंडपाठ होतं. नव्या बाईचा हात एकदा बोटांनी दाबला, की बस. अंगठा तळहातात दुमडायची, सांध्यावर जरा चोळायची, तोंडानं भलतंच काहीतरी विचारायची, "काल भाजीले काय केलतं व?" आणि बाई वांगं की आलू ते आठवेपर्यंत बांगडी मनगटावर. तिच्या हातून बांगडी वाढायची नाही. फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं असतं. भरून झालं की बाई वाकून तिला नमस्कार करायची आणि ती एक बांगडी वरची म्हणून घालायची. ती आशीर्वादाची.

मला मात्र ती फार छळायची. माझा हात रुंद, अंगठ्याचं हाड दांडगं. "हा हात नाई व, फावडा हाये," म्हणायची. "तुया नवऱ्याले सांगजो, चुडा नको, टिकास दे." बाया खो खो हसायच्या. मी पाय आपटत घरी जायची आणि संध्याकाळी पुन्हा तिच्या फळीवर. कारण रागावले तरी माझं त्या बाईवर प्रेम होतं. तिला मूलबाळ नव्हतं. फुटक्या बांगड्यांचे तुकडे ती माझ्यासाठी डब्यात साठवून ठेवायची, आणि ते मेणबत्तीवर वाकवून आम्ही त्यांच्या साखळ्या करायचो.

तिचा नवरा गुणवंत मिलमध्ये बदली कामगार होता. म्हणजे रोज सकाळी भोंग्याआधी फाटकावर जाऊन उभं राहायचं, कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत घ्यायचे, नाहीतर घरी परत. मिलची एक पाळी बंद झाल्यावर तो रोजच परत यायला लागला. मग सुरतेला गेला, मागावर काम करायला. तिथं खोलीत त्याच्याबरोबर चंदन नावाचा बिहारकडचा एक माणूस होता, तो त्याची पत्रं लिहून द्यायचा, हिंदीत. आणि इकडं ती वाचून दाखवायला मी. मला हिंदीत चांगले मार्क होते आणि त्याची मला घमेंडही होती. निळं अंतर्देशीय पत्र आलं की शकुकाकू मला मागच्या खोलीत न्यायची, दार लोटायची, आणि मी शिरा ताणून वाचायची, "प्रिय शकुन्तला को मालूम हो." मागच्या खोलीत ती शकुन्तला व्हायची. पदर नीट करून बसायची.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी असंच एक पत्र आलं. पोस्टमननं नेहमीसारखं हसत फळीवर टाकलं. वाईट बातमीच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो, याचा फाडलेला नव्हता. फळीपुढं सणाच्या बांगड्या भरायला बायांची गर्दी. "आलीच," म्हणत ती मला मागं घेऊन गेली. मी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, नऊ दिवस ताप होता, गुणवंत भाई अब नहीं रहे.

हे मी मोठ्यानं वाचलं. उच्चार अगदी स्पष्ट करून वाचलं. अर्थ डोक्यात शिरला तो नंतर.

"बस," शकुकाकू म्हणाली. "थांब आता."

ती डोळे मिटून भिंतीला टेकली. पत्राचा अर्धा भाग उरला होता. माझे डोळे आपोआप खाली सरकत गेले आणि तो अर्धा भाग मी मनातल्या मनात वाचून काढला. मग तिनं हात पुढं केला, पत्र घेतलं आणि चुलीत घातलं. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "शकुबाई, येता का जाऊ?"

तिनं माझी हनुवटी धरली. बोटं साबणानं बुळबुळीत होती. "उजू, कोनाले सांगशीन नाई. तुया मायलेबी नाई. ज्या बाईचा नवरा नाई, तिच्या हातून कोन बांगडी भरते व? ही फळी हाये तं मी हाये. ह्या पत्राचं पुन्हा नाव नको काढू, माह्याजवळबी नको काढू."

मी मान हलवली. ती बाहेर गेली, फळीवर बसली, पहिल्या बाईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काल भाजीले काय केलतं व?" त्या दिवशी तिच्या हातून एकही बांगडी वाढली नाही.

पुढं नऊ महिने आम्ही दोघींनी नाटक केलं. पत्र यायचं बंद झालं हे लाइनीच्या लक्षात येऊ नये म्हणून ती महिन्यातून एकदा मला मागच्या खोलीत बोलवायची आणि मी हिंदीच्या पुस्तकातला धडा हळू आवाजात वाचायची, बाहेर नुसती गुणगुण जावी म्हणून. एकदा ससा आणि कासव वाचलं, एकदा हिमालयाची माहिती. ती पदर सारखा करून ऐकायची. धडा संपला की विचारायची, "बरा हाये ना?" मी म्हणायची, "बरे आहेत." मला तेव्हा तो खेळ वाटायचा, खोटं कशाला सांगू. रात्री ती काय करत असेल हे माझ्या मनातही यायचं नाही. होळीच्या दिवशी मात्र गोवऱ्या पेटल्या आणि पत्राचा खालचा अर्धा भाग मला लख्ख आठवला. बोलू का, असं वाटलं. पण नाव काढू नको म्हणाली होती ना. मी नाही बोलले.

वैशाखात माझ्या मोठ्या बहिणीचं, जयाचं लग्न ठरलं. मुलगा कारंजा घाडग्याचा. चुडा भरायला अर्थातच शकुकाकू. लाइनीतली प्रत्येक नवरी तिच्याच हातून भरून गेली होती. आईनं तिच्यासाठी हिरवं लुगडं आणलं होतं. दुपारची वेळ, मांडवात सतरंजी, जया पाटावर, समोर शकुकाकू, बाजूला वाटी. नवरदेवाकडच्या बायाही आल्या होत्या. डावा हात भरून झाला होता, उजवा अर्धा झाला होता. मी हट्ट धरला, मलाही हिरव्या भर.

"अवं थांब," शकुकाकू हसत म्हणाली, आणि माझा हात वर धरून कारंज्याच्या बायांना दाखवला. "पाहा बरं हा फावडा! याच्यासाठी मले बांगडी नाई, सायकलची रिंग आणा लागन." नंतर मधुकररावांच्या दुकानाकडं मान करून, "हाये का हो, चोवीस नंबरची?"

सगळा मांडव हसला. कारंज्याच्या बाया पोट धरून हसल्या. माझी आई हसली. जयासुद्धा. मी नवा परकर घातला होता, केसात अबोली होती, आणि सगळे माझ्या हाताकडं बघत होते. मी हात हिसकला आणि ओरडले, "तुमचा नवरा तर मेला ना सुरतेले! मंग तुमी कायले भरता चुडा?"

कारंज्याच्या बायांनी तोंडावर पदर घेतले. 

"काय म्हनते हे पोट्टी?" आईनं विचारलं, पण माझ्याकडं बघून नाही. शकुकाकूकडं बघून. "शकुबाई, खोटं हाये ना?"

शकुकाकूला नुसता एक शब्द बोलावा लागला असता. पोरगी आहे, रागानं काहीही बरळते, एवढं म्हटलं असतं तर मांडवानं मानलं असतं, मलाच दोन फटके बसले असते. पण ती जयाचा हात हातात धरून बसून राहिली. नवरीचा हात हातात असताना तिला खोटं बोलायचं नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं.

कारंज्याची एक म्हातारी उठली. "काढा त्या," ती म्हणाली. "आधी काढा."

आता पंचाईत अशी, की लग्नाचा चुडा फोडून काढता येत नाही. त्याच्याइतका अपशकुन नाही. अखंड उतरवायला हवा, आणि इतक्या घट्ट भरलेल्या बांगड्या एकही न वाढवता उतरवणारी बाई साऱ्या लाइनीत एकच होती. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. शकुकाकूनं वाटी पुढं ओढली. साबणाचं पाणी जयाच्या मनगटावर सोडलं, अंगठा दुमडला आणि आपल्या हातानं भरलेला चुडा आपल्या हातानं उतरवायला लागली. एकेक बांगडी. सतरंजीवर मांडत गेली. जया रडत होती म्हणून तिचा हात हालत होता, तर तिला म्हणाली, "हालू नको माय, वाढन." शेवटची निघाली तेव्हा सगळ्या अखंड होत्या. मग त्याच पाण्यात तिनं स्वतःचे हात बुडवले आणि स्वतःच्या बांगड्या उतरवल्या. त्या पटकन निघाल्या. नऊ महिन्यांत तिचे हात किती वाळले होते ते आम्हाला सगळ्यांना तिथं दिसलं. कुंकू पदरानं पुसलं, वाटी उचलली आणि गेली. तिच्या मागं कोणी गेलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी बाजारातून दुसरी कासारीण आणली, अनुसयाबाई. ती नवऱ्याला बरोबर घेऊनच आली होती, म्हणजे शंकेला जागा नको. तिच्या हातून तीन बांगड्या वाढल्या, पण त्याचं कोणाला काही वाटलं नाही. शकुकाकूसाठी आणलेलं हिरवं लुगडं आईनं तिला दिलं.

शकुकाकूकडं दुखवट्याला बसायलासुद्धा बाया गेल्या नाहीत. नऊ महिने आम्हाला फसवलं, आमच्या लेकीसुनांचे हात धरले, म्हणत होत्या. तिनं फळीवर रिबिनी, टिकल्या, पिना मांडून पाहिल्या. त्या तर विधवेच्या हातच्या चालायला हव्या होत्या ना? नाही चालल्या. दसऱ्यापर्यंत फळी निघाली आणि खिडकीला विटा लागल्या. शकुकाकू जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायला लागली. शाळेच्या वाटेवर ती मला दिसायची, डोक्यावर, भुवयांवर कापसाचे तंतू. मला बघून ती कधी थांबली नाही आणि कधी तोंडही फिरवलं नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

आणि जया? सहा वर्षांनी तिचा नवरा हायवेवर ट्रकखाली गेला. सव्विसाव्या वर्षी तिचे हात मोकळे झाले. अनुसयाबाईच्या हाताची चौकशी कोणी केली नाही. आई मात्र मरेपर्यंत म्हणत राहिली, त्या शकीच्या बांगड्या आधी चढल्या होत्या ना, त्याचंच झालं. मागच्या वर्षी आई गेली. मी रडले, पण या एका गोष्टीसाठी मी तिला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

या वर्षी माझ्या मुलीचं, रूपालीचं लग्न ठरलं. एक दिवस मी तिला सगळं सांगितलं. पत्राच्या खालच्या भागाचं सोडून. ती म्हणाली, "मग माझा चुडा शकुआजीच भरेल. आपण जाऊन बोलवू." तिच्या सासरच्यांनाही तिनंच विचारलं, त्यांनी हरकत घेतली नाही. चाळीस वर्षांपूर्वी ज्यावर एका बाईचं आयुष्य मोडलं, ते आता फोनवर दोन मिनिटांत मिटलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, कोणाचा ते कळलं नाही.

वेणा नदीकडच्या वस्तीत शकुकाकू तिच्या भाचीकडं, मंदाबाईकडं राहते हे शोधून काढलं. मिल लाइन आता नाहीच, तिथं पत्रे ठोकून ठेवलेत. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मंदाबाई कामावर गेलेली. शकुकाकू ओट्यावर उन्हात बसली होती. ऐंशीच्या आसपासची, एवढीशी झालेली. डोळ्यांनी दिसतं, कानांनी जरा कमी. मी नाव सांगायच्या आधीच माझ्या हाताकडं बघून म्हणाली, "उजू."

मी पाय धरले. काय काय बोलायचं ठरवून गेले होते, त्यातलं काही आलं नाही. "शकुकाकू, माझं चुकलं," एवढंच आलं.

"तू काय खोटं बोलली का?" ती म्हणाली. "बस."

रूपालीनं पुढं होऊन सांगितलं, आजी, दहा दिवसांनी माझं लग्न आहे, माझा चुडा तुम्ही भरायचा. शकुकाकूचा चेहरा एकदम उजळला. बोटं मांडीवर हालली, हात दाबून पाहावा तशी. ती रूपालीचा हात हातात घेणारच होती, पण थांबली आणि माझ्याकडं वळली.

"उजू, एक इचारू? त्या पत्रात पुढं काय लिवलं होतं व? मीनं तुले थांबवलं. तू मनात वाचलं, मले दिसलं होतं. चाळीस वर्सं झाले, मी मनात म्हनते, त्या पोरीले इचारीन. जिनिंगच्या रस्त्यावर तू दिसे तवा रोज वाटे, आज इचारीन. पन तोंडच होये नाई."

मला वाटायचं ती मला टाळते. ती विचारायला थांबू पाहत होती.

मी सांगितलं. चाळीस वर्षांत एक शब्द विसरले नव्हते. चंदननं लिहिलं होतं की गुणवंत भाई दिवाळीला घरी येणार होते. त्यांची एक पेटी माझ्याकडं आहे. त्यात दोन सदरे आहेत, एक चादर आहे आणि काचेच्या बांगड्या आहेत, सव्वादोन नंबरच्या, कागदात बांधलेल्या. म्हणायचे की सगळ्या गावाला ती भरते, तिला कोणी भरत नाही. कोणीतरी येऊन पेटी घेऊन जा. होली तक सँभालकर रखूँगा.

शकुकाकूनं ओठ घट्ट मिटले. मग अगदी हळू विचारलं, "कोनत्या रंगाच्या?"

पत्रात रंग नव्हता. तिचा चेहरा बघून मी म्हटलं, "हिरव्या."

"नाई," ती म्हणाली. "तुले अजूनबी खोटं बोलता येत नाई व उजू. तवा जरासं बोलता आलं असतं तं..."  तिचं तोंड वाकडं झालं, आणि एवढ्या वर्षांत मी कधी ऐकला नव्हता असा आवाज तिच्या छातीतून निघाला. शेजारच्या बाया दाराशी आल्या. ती ओट्यावर डोकं टेकून रडत राहिली, गुणवंतचं नाव घेत, काल बातमी आल्यासारखी. रूपाली तिला सावरायला पुढं झाली, तशी तिनं हात मागं घेतला.

"शिवू नको, बाई. तुयं लगन हाये." श्वास लागला होता, तरी ती बोलत होती. "त्याच्यासाठी मी कधी रडलीच नाई. तवा रडता येत नव्हतं, मंग कोनी रडू देलं नाई. त्याच्या नावाचं पानी माह्या डोक्यावरून गेलं नाई अजून. आज मले सुतक हाये. तुयं लगन तं दहा दिवसांवर आलं म्हनते. मी नाई भरत चुडा."

"आजी, आम्ही नाही मानत तसलं काही," रूपाली म्हणाली.

"मी मानते ना," शकुकाकू म्हणाली. मग लांबूनच रूपालीचा हात निरखून पाहिला, डोळे पुसून पुन्हा पाहिला. "मायसारखाच हाये. अडीच. जी कोनी भरन तिले सांगजो, अंगठ्याचं हाड दांडगं हाये, सावकाश. साबन जास्त लावजो म्हना."

मग माझ्याकडं बघून मोरीकडं बोट केलं. मी बादली भरली. चाळीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते काम, ते मी उन्हात उभी राहून केलं. तांब्यानं तिच्या डोक्यावर पाणी ओतत राहिले आणि ती मोकळे हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पहिली बादली संपली तेव्हा ती म्हणाली, "अजून." मी दुसरी भरायला गेले.